मी वाचून दाखवलेलं कार्ड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगते — खरोखर कुणी समोर असतं तर माझी जीभ वळली नसती.

वैनगंगेच्या काठचं आमचं गाव, धानाचं. ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. मला अक्षरं शिकवली ती आजाने, शाळेने नाही. तो सुपात कोंडा पसरायचा, माझं बोट आपल्या मुठीत धरायचा आणि गिरवून घ्यायचा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. क कुठे संपला हे त्याला दिसत नसे, हाताला कळायचं. चुकलं की सूप हलवायचा — कोंडा सपाट, पुन्हा पहिल्यापासून. वैताग यायचा. पण शाळेत नाव घालायच्या आधी मला सगळी मुळाक्षरं येत होती.

त्याला त्या अक्षरांचं एवढं काय होतं? छप्पन सालच्या बौद्ध दीक्षेआधी आमच्या वस्तीत पत्र आलं की ते पाटलाकडे न्यायचं, आणि तो जेवून उठेपर्यंत अंगणाबाहेर उभं राहायचं. आपल्या घरातलं मरण आधी त्याला कळायचं, मग आपल्याला. दीक्षेनंतर वस्तीत रात्रीचा वर्ग निघाला, तिथे आजा चाळिशीत वाचायला शिकला. मग डोळे गेले तसं वाचणंही गेलं. बाप जंगलकामावर, महिना महिना बाहेर. आई अंगठा लावणारी. राहिले मी, पहिलीतली. "आता आपले कागद माही नात वाचते," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि मला — कबूल करते — त्याची चटक लागली होती.

त्या वर्षी नर्सबाई सायकलवरून आली. तालुक्याला डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर होणार होतं. आजाचं नाव तिने रजिस्टरात घेतलं. तारखेचं कार्ड टपालाने येईल म्हणाली. आमच्या गावातून त्याचं एकट्याचंच नाव होतं.

कार्ड आलं. आजाने ते पोस्टमनला वाचू दिलं नाही. शेजारच्या चौघांना बसवून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. अक्षर शाईचं, घाईचं, एकाला एक चिकटलेलं. सुपातली अक्षरं सुटी सुटी असायची. मला तीन-चार ओळखू आली, बाकी काही नाही. "डोळ्याचं हाये का वं?" त्याने विचारलं. येत नाही म्हणाले असते तर काय झालं असतं? कुणी मारलं नसतं. तो हसला असता, फार तर. मी म्हणाले, "नाई. आत्याचं हाये. तिकडे सारे खुशाल हायेत." आणि कार्ड दप्तरात घातलं.

इथवर तुम्ही मला सोडून द्याल — लहान पोर होती म्हणाल. मीही इथपर्यंत स्वतःला सोडूनच दिलं आहे. पण गोष्ट इथे संपत नाही.

पुढच्या वर्षी मला जोडाक्षरं येऊ लागली. एका दुपारी ते कार्ड काढलं आणि पुरतं वाचलं. तारीख, ठिकाण, सोबत एक माणूस आणि अंथरूण आणावे. त्यानंतर महिन्याभरातच नर्सबाई पुन्हा दारात — नवं शिबिर, नवं रजिस्टर. आजा खाटेवर होता. तो तिच्याकडे पाठ करून बसला. "मागच्या साली लेहलं होतं ना तू? आमचं नाव कोन पाठवते? जा तू." ती सांगत राहिली, पाठवलं होतं, नक्की पाठवलं होतं. त्याने तोंड वळवलं नाही.

मी उंबऱ्यात उभी होते. दप्तर खांद्याला, कार्ड दप्तरात. तिचं रजिस्टर उघडं होतं, हातात पेन होता. मला एक वाक्य बोलायचं होतं. का नाही बोलले? — आजाची वाचणारी नात खोटं वाचते हे वस्तीला कळलं असतं म्हणून. एवढंच कारण. दुसरं बरीच वर्षं शोधलं, सापडलं नाही. तिने रजिस्टर मिटलं, सायकल काढली. संध्याकाळी मी कार्ड चुलीत घातलं.

आजा पुढे दहा वर्षं जगला, पुरता आंधळा. बापाने एकदा स्वतः नेतो म्हटलं, पण तो रुसला तो रुसलाच. नर्सबाई लहान पोरांना सुया द्यायला वस्तीत यायची. तिचा आवाज आला की तो उठून, भिंत चाचपत आत जायचा. आमच्या लोकांची नावं ती मुद्दाम गाळते, असंही वस्तीत बोललं जायचं. ते माझ्यासमोर बोललं जायचं, आणि मी ऐकून घ्यायचे.

तो गेला तेव्हा मी बारावीत होते. चौथ्या दिवशी नर्सबाई भेटायला आली, केस पांढरे झालेली. मला बाजूला घेऊन तिने माझा हात धरला. "म्या नाव लेहलं होतं माय. कार्डही टाकलं होतं. कुठी राह्यलं, मले आजवर नाई समजलं. मनात ठेवू नको."

मी हात सोडवून घेतला नाही. म्हणाले, "असू द्या बाई, आमच्या मनात काही नाई."

तिला बरं वाटलं. माफ केलं मी तिला.