टेबलाचा उतार

ऑपरेशनच्या टेबलाची डोक्याकडची बाजू खाली करायला मी विसरलो आणि तसाच आजींच्या मानेत सुई घालून शीर शोधत बसलो. मी भूल देणारा डॉक्टर. आजींच्या हाताच्या शिरा आजारपणात संपलेल्या. मानेतून नळी गेल्याशिवाय पोटाला हात लावता येणार नव्हता. दोनदा टोचलं, दोनदा कोरडं. मान तेवढी बधिर केलेली, बाकी हिरव्या कापडाखाली आजी टक्क जाग्या. मी सुईला दोष दिला, दिव्याला दिला, मनातल्या मनात आजींच्या मानेलाही दिला. मग एकदाचं टेबल तिरकं केलं. डोकं खाली, पाय वर. चपटी पडलेली शीर भरून बोटाखाली टम्म लागली आणि नळी सरळ आत गेली.

शीर जागच्या जागीच होती, तिला थोडा उतार हवा होता. सकाळपासून उभं राहून माझं रक्तही पायांतच साचलेलं. पण दमलेल्या डॉक्टरला तिरकं करून त्याच्या डोक्याकडे चार थेंब पाठवायची सोय कुठल्याच थिएटरात नसते.

"झालं हं आजी," मी म्हणालो. "आता भूल देतो."

कापडाखालून आवाज आला, "मला वाटलं, आधी तुम्हीच घेतलीत."