उजव्या हाताचं माप

परवा भाचीच्या लग्नाच्या बांगड्या भरायला बसले. कासाराने माझा डावा हात पुढे ओढला आणि हिरव्या काचेच्या त्या किणकिणाटाने मी नव्वदच्या दशकातल्या आमच्या कोल्हापूरच्या घरात जाऊन पोचले.

त्या संध्याकाळी मला बघायला पावणे येणार होते आणि त्याच आठवड्यात पुण्यात माझी पहिली व्यावसायिक टेनिस स्पर्धा होती. मी नुकतीच सरावाहून आलेली, पायाला कोर्टाची तांबडी माती. कासारीणमावशींनी डाव्या हातात बांगड्या सहज भरल्या. उजव्या हातात पहिलीच अंगठ्यापाशी अडकली आणि तडकली. दुसरीही. लहानपणापासून रॅकेट धरून तो पंजा रुंद झाला होता.

"पोरीचा हात हाय का पैलवानाचा?" मावशी म्हणाल्या.

"खेळ सोडला की हुईल बारीक," आई घाईघाईने म्हणाली. "आज तेवढा पदराखाली झाक."

माझं डोकंच फिरलं. "मी न्हाय झाकणार! ह्या हाताला मोठ्या मापाच्या भरा की."

"दोन हातांला दोन मापं? असं कुठं असतंय व्हय?" मावशींनी विचारलं.

"माझं असतंय."

पावण्यांपुढे चहाचा ट्रे मी मुद्दाम एकट्या उजव्या हातावर नेला. त्यांचा नकार घरी पोचला तेव्हा मी पुण्यात कोर्टवर सर्व्हिस करत होते. पुढे कितीतरी वर्षं, कुठल्या कुठल्या देशांत, त्याच हाताने खेळले.

आता खेळ सोडूनही जमाना झाला. हात बारीक झालेला नाही.

परवा कासारापुढे तोच हात धरला. म्हटलं, "मामा, दोन मापं काढा."