कान्हूच्या गाडीची रुंद धाव

आमच्या आण्णाइतका शंकेखोर माणूस आमच्या अख्ख्या बाजारकुणंग गावात सापडायचा न्हाई. कान्हू त्याचं नाव, माझा थोरला भाऊ. ताटात भाकरी पडली की आधी उलटी करून बघणार, भाजली का म्हणून. नदीत उतरताना काठीनं ठाव घेणार, आणि नदी कुठली, तर रोजच्या अंघोळीची! मी तोंडावर म्हणायची, "आण्णा, मेल्यावर चिता नीट पेटली का तेबी उठून बघशील तू." तो नुसता हसायचा. घरातला सगळा राग माझ्याच वाट्याला आलेला.

असला माणूस एकदाच गाफील राहिला, आणि तेही बाळीच्या बाबतीत. बाळी त्याची एकुलती लेक. वहिनी लवकर गेली, म्हणून पोरीला मीच वाढवली. तिला दिली हल्याळकडं, आमचं रान सरल्यावरच्या उघड्या मुलखात. पहिल्या बाळंतपणाला आण्णा तिला आणायला गेला. परत येताना तिच्या सासरच्या गावाबाहेरच्या ओढ्यात गाडीची धाव निसटली. धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी. ती गेली तसं चाक फुटलं, गाडी कलंडली. बाळी वाचली. पोटातलं गेलं.

बाळीची सासू गिरजाबाई तेव्हाच म्हणाली, "आता माझी सून गाडीत बसायची न्हाई. झालं तेवढं माहेर बास."

दोन वर्षांनी बाळीला पुन्हा दिवस गेले. निरोप आला, आत्याला सांगा, मला तुझ्याजवळच यायचंय. ते ऐकलं आणि मी पदर डोळ्याला लावला. आण्णा उठला आणि तडक सुप्याच्या पुंडलिक लोहाराकडं गेला.

पुंडलिक म्हणाला, "कान्हू, चूक तुझी एकट्याची न्हाई, आपल्या सगळ्या रानाची हाय. पावसाळा सरला की आपण लगेच धावा चढवून घेतो. तवा लाकूड फुगलेलं असतंय. उघड्या मुलखात ऊन लागलं की चाक आकसतं, मग धाव सैल व्हणार न्हाई तर काय!"

झालं. दिवाळीच्या तोंडावर आण्णानं दोन्ही चाकं काढली आणि धुरानं वाळून आधीच आकसावीत म्हणून माझ्या चुलीवरच्या माळ्यावर चढवली. माझी आमसुलं खाली, मिरच्या खाली आणि चाकं वर! शिमग्यापर्यंत मी त्या चाकांखाली रांधलं. आमटीत काजळी पडायची. आली-गेली माणसं वर बघून विचारायची, "केशर, आज चाकाचा रस्सा काय गं?" मी जळून जायची. पण चाकं खाली काढ म्हणायचं माझ्या जिभेवर कधी आलं न्हाई.

शिमगा झाल्यावर धाव निवडायची. पुंडलिकानं अरुंद पट्टी दाखवली. हलकी, बैलांना सोपी. आण्णा म्हणाला, "ही प्रत्येक धोंड्याला दणका देणार." मग रुंद. ती जड, पण धोंड्यावर सावकाश चढते, सावकाश उतरते. पट्टीच्या सांध्यावर बोट फिरवत हा बाबा दिवसभर तिथंच उकिडवा बसला. पुंडलिक वैतागला, "अरे, पोरगी आणायची हाय का पोरगी बघायची हाय?" शेवटी रुंदच घेतली. शेणीच्या जाळात लाल करून चढवली आणि वर पाणी ओतलं, तसं चाक करकरून आवळलं.

एवढ्यावर थांबेल तो आण्णा कसला! गाडीत भाताचा पेंढा अंथरला, वर बांबूच्या तट्ट्याची कमान बांधली, मला आत बसवलं आणि मांडीवर ताकाचं काठोकाठ मडकं दिलं. "सांडलं तर सांग." रानातल्या वाटेवर त्यानं मला फिरवलं आणि मी ताकानं न्हाले. मग पेंढा वाढव, बैल सावकाश हाक, असं करत करत एकदाचं ताक मडक्यात राहिलं.

हल्याळकडं मीपण गेले. गिरजाबाई दारातच आडवी. "व्याही, जेवा आणि रिकामे परत जा."

आण्णानं वाद घातला न्हाई. "विहीणबाई, ताकाचं मडकं घेऊन तुम्ही बसा. त्याच ओढ्यातनं नेऊन आणतो. एक थेंब सांडला तर बाळीला न नेता जातो."

बाळी दाराआड उभी, पोटावर हात धरून. गिरजाबाई मडकं घेऊन चढली. मी गाडीमागनं चालले. ओढ्यात उतरताना आण्णानं बैल थांबवले, खाली वाकला आणि चाकापुढचा एकेक धोंडा हातानं उचलून बाजूला ठेवायला लागला. मागं ज्या जागी गाडी कलंडली होती, तिथं आल्यावर तो पाण्यातच उभा राहिला. खांदे गदगदत होते. गिरजाबाई कमानीतनं बघत होती. आण्णानं तोंड पुसलं आणि पुन्हा धोंडे उचलायला लागला.

परत दारात आलो. गिरजाबाई मडकं घेऊन उतरली. मांडीपासून खाली तिचं लुगडं ओलंचिंब, ताकाचा वास मला लांबूनच आला. तिनं पदर ओढून पुढं घेतला, ओलं झाकलं.

"सांडलं न्हाई," ती म्हणाली. "बाळे, बस गाडीत. आणि व्याही, परत जाताना बी अस्सेच धोंडे उचला."

पोरगी झाली, धडधाकट. आण्णा मरेपर्यंत गावभर सांगायचा, माझ्या गाडीत ताकाचा थेंब सांडला न्हाई. मी म्हणायची, "व्हय रे आण्णा, न्हाईच सांडला."