यामिनीच्या मापाचा होल्स्टर

पिस्तूल मला आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी शिकवायला यायला नको. टेक्सासातल्या फ्रिस्कोत आम्ही काही बायका मिळून, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी, एक हेल्पलाइन चालवतो. घरातल्या पिस्तुलाने घराचं काय होतं ते मी फोनवर ऐकलंय आणि कोर्टाच्या बाकावर बसून पाहिलंय. तरी या उन्हाळ्यात यामिनी दहिवदकरबरोबर मी पिस्तुलांच्या दुकानांतून वणवण फिरले. तिच्या पाठीवरचे पट्टे ओढले, सैल केले, परत ओढले. कारण यामिनी एकटी रिकाम्या घरांत जाते. ते तिचं काम आहे, आणि ते तिला सोडायचं नाही.

यामिनी घरं विकते. मूळची अकोल्याची. नवऱ्याच्या व्हिसावर आली, कामाची परवानगी नाही म्हणून कित्येक वर्षं घरात बसली. परवानगी हातात पडल्यावर मुलांच्या स्विमिंगच्या वेळात तिथल्याच बाकावर बसून अभ्यास केला आणि रिअल इस्टेटचं लायसन काढलं. पूर्वेचं दार, आग्नेयेला गॅस, शाळा चांगली, सासू-सासरे येतील म्हणून खाली एक बेडरूम. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत हिला कळलेलं असतं. घर विकून ती मोकळी होत नाही. वास्तुशांतीला तिला बोलावणं असतं, तिची ओटी भरतात, पोरं तिला मावशी म्हणतात. एवढी घरं विकली असं ती कधी सांगत नाही, एवढ्या घरांत जेवले असं सांगते.

फेब्रुवारीत एका माणसाने फोन करून घर बघायला वेळ मागितली. गोड बोलला. नवी वसाहत, शेजारची घरं अजून बांधून व्हायची. घर बघता बघता त्याने एका खोलीचं दार आतून लावलं आणि हिच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिला. पुढचं यामिनी अजून नीट सांगत नाही. गॅरेजमधून पळाली, मनगट मोडलं, एक चप्पल तिथेच राहिली. त्याचं नाव खोटं निघालं, नंबरही खोटा. पोलिसांनी रिपोर्ट लिहून घेतला. तिच्या ऑफिसने सगळ्यांना ईमेल पाठवली की शोइंगला, म्हणजे घर दाखवायला, जोडीने जा. जोडी कुठून आणायची ते ईमेलमध्ये नव्हतं.

तिचा नवरा अंकुर म्हणाला, "कॅन्सल कर ना यार हे सगळं. माझ्या पगारात चालतं आपलं."

"तुझं चालतं," यामिनी म्हणाली. "माझं?"

हाताचं प्लास्टर निघाल्यावर तिने क्लास लावला, लहानसं पिस्तूल घेतलं. टेक्सासात त्यासाठी लायसन लागत नाही, तरी हिने काढलं. अशी बाई. मी बोलायचं तेवढं बोलले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मीनाक्षीताई, दुसरं काही सुचत असेल तर सांगा. उद्या तीनला एक रिकामं घर दाखवायचंय." मला सुचलं नाही. तिच्याबरोबर रोज जायला माझ्याकडेही कोण होतं?

ते पिस्तूल अंगावर ठेवायचं कुठे, इथून खरा छळ सुरू झाला.

कमरेला लावायचं तर जाड बेल्ट हवा, आणि ही कुर्ती-लेगिंगवाली. त्यात अर्धा दिवस गाडीत बसून. दोन सिझेरियनच्या टाक्यांवर दस्ता टोचत राहायचा. पर्समध्ये अजिबात ठेवायचं नाही, असं क्लासमधल्या बाईंनी बजावलं होतं आणि ते पटण्यासारखं होतं. हिची पर्स दिवसभर लोकांच्या किचनच्या ओट्यावर पडलेली असते आणि मावशीच्या पर्समध्ये चॉकलेट असतं हे सगळ्या पोरांना पक्कं माहीत. राहिला खांदा. दोन्ही खांद्यांवरून पट्टे, डाव्या काखेत पिस्तूल, वरून ब्लेझर. ऐकायला किती सोपं!

पिस्तूल अडकवायचा असा पट्ट्यांचा पहिला होल्स्टर ऑनलाइन मागवला. सगळ्यांना बसेल, असं खोक्यावर लिहिलं होतं. त्या सगळ्यांत आम्ही नसतो. पट्टे शेवटच्या भोकापर्यंत आवळले तरी पिस्तूल तिच्या कमरेशी लोंबत होतं, आणि मानेपाशी पट्टा असा काचला की संध्याकाळी लाल वळ. दुसरा इलॅस्टिकचा. तो घालून तिने एक दुपार काढली आणि काखेत घामोळ्यांची रांग उठली. मग आम्ही टोलवेजवळच्या एका मोठ्या दुकानात गेलो.

दाढीवाला विक्रेता माझ्याकडे बघून म्हणाला, "नवऱ्यासाठी बघताय का?"

"हिच्यासाठी."

त्याने आत जाऊन गुलाबी होल्स्टर आणला. मी तो फिरवून पाहिला. आधीचाच, फक्त गुलाबी.

"रंग नकोय भाऊ, माप हवंय," मी इंग्रजीत म्हणाले. भाऊ मात्र मराठीत गेलं.

शेवटी त्याने एक चामड्याचा काढला. माणूस तसा मनापासून समजावत होता. मागे पट्ट्यांची फुली पडते ती दोन खांद्यांच्या मधोमध हवी, मानेजवळ नको. डावीकडे पिस्तूल असेल तर उजवीकडे वजनाला गोळ्यांच्या दोन मॅगझिन हव्यात, नाहीतर एकच खांदा ओढला जातो. आडवं लटकवलं तर नळी मागे येते. मागे मीच उभी होते. मी बाजूला झाले तर तो हसून म्हणाला, "मॅडम, हे नुसतं दाखवायचं पिस्तूल, प्लास्टिकचं आहे." आम्ही उभं लटकणारं घेतलं, नळी जमिनीकडे. उजवा हात छातीवरून नेऊन ते काढायचं. यामिनीने चारदा करून पाहिलं, चारही वेळा कोपर अडलं.

"हे ज्याने बनवलं ना," ती मला म्हणाली, "त्याला छाती नव्हती."

"आणि बायको असली तर तिला विचारलं नाही."

खाली आणखी दोन छोटे पट्टे होते. ते कमरेच्या बेल्टला अडकवायचे. यामिनीने लेगिंगकडे बोट दाखवलं.

"मग सोडून द्या ते," तो म्हणाला. "बरेच जण सोडतात."

सोडून दिले. घरी येऊन मी तिला उठवलं, बसवलं. तिने सीट बेल्ट लावला, हात वर करून माळ्याची शिडी खाली ओढली, विकायच्या घरांच्या दारावर किल्लीची पेटी असते, तिच्यातून किल्ली काढल्यासारखं केलं. काही हललं नाही, ब्लेझरवरून काही दिसलं नाही. पिस्तूल काढायचा सराव करायला नेमबाजीच्या रेंजवर गेलो तर तिथे पाटी, खांद्याच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायला बंदी. हात फिरवताना नळी शेजारच्यांवरून जाते म्हणे. विकायला चालतं, शिकायला चालत नाही! मी काउंटरवर आवाज चढवला, यामिनीने मला दंडाला धरून बाहेर आणलं. सराव घरीच केला, रिकाम्या पिस्तुलाने, बेडरूमच्या भिंतीसमोर.

महिनाभर तिने तो वापरला. सदतीस-अडतीस डिग्रीत ब्लेझर घालून घरं दाखवली. मान दुखायची, पण रिकाम्या घरात शिरताना दाराकडे पाठ करायला तिला परत जमायला लागलं. हे तिनेच मला सांगितलं.

जूनमध्ये निहार आणि गिरिजाच्या घराची वास्तुशांत होती. घर यामिनीनेच मिळवून दिलेलं. ती जवळच्या सलायना गावातलं एक शोइंग संपवून तशीच आली, ब्लेझर अंगावर, पिस्तूल काखेत. गाडीत ठेवायचं सुचलं नाही. महिनाभर अंगावर होतं, ते चष्म्यासारखं झालं होतं. पूजा आटपली होती. निहारच्या आई, शैलाकाकू, नाशिकहून खास आलेल्या, सोफ्यावर बसल्या होत्या. यामिनीने चप्पल दारात पायानेच सरकवून काढली, गिरिजाला मिठी मारली, काकूंपुढे गेली आणि नमस्काराला वाकली.

वाकून नमस्कार करणाऱ्या माणसाचं काय होईल, हे त्या खोक्यावर नव्हतं, दुकानदाराला ठाऊक नव्हतं, आणि रोज करणाऱ्या आम्हा दोघींनाही सुचलं नव्हतं. खालचे पट्टे मोकळे. ब्लेझर पुढे उघडला आणि होल्स्टर पिस्तुलासकट झोका घेऊन काकूंच्या गुडघ्यावर आपटला. वरची पट्टी घट्ट होती म्हणून पिस्तूल आतच राहिलं. तिथेच लोंबत राहिलं, प्रसादाच्या ताटाच्या वर.

"मॉम," कबीर म्हणाला, गिरिजाचा सात वर्षांचा, "मावशी हॅज अ गन."

गिरिजाने पोराला मागे ओढलं. यामिनी उभी राहिली, ब्लेझर आवळून धरला आणि काकूंना "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली. निहारने तिला दारापर्यंत सोडलं. अगदी अदबीने. "यामिनीताई, आज नको. प्लीज."

रात्रीच्या आत ते प्रत्येक ग्रुपवर. आठवड्यात दोन कुटुंबांनी एजंट बदलला. एकाने तेवढं तरी सांगायचं सौजन्य दाखवलं, "आमची मुलं तुमच्या गाडीत बसतात हो." दुसऱ्यांनी फोनच उचलला नाही. अंकुर म्हणाला, "मी म्हटलं होतं." त्याने काय म्हटलं होतं? काम सोड म्हटलं होतं. वाकताना जप असं कुठे म्हटलं होतं?

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती किचनमध्ये बेल्ट लावून बघत होती. मुलाच्या कपड्यांतून काढलेला जाड बेल्ट आणि नवी पँट. खालचे दोन्ही पट्टे अडकवून ती फ्रिजपुढे वाकत होती, उठत होती, परत वाकत होती. आता काही लोंबत नव्हतं. मानेवरचे वळ मात्र काळे पडले होते.

"चला," ती म्हणाली. "काकूंची माफी मागायची आहे. त्या परत जायच्या आत."

"कशाची माफी?"

"त्यांच्या पूजेत भलतंच झालं, त्याची. बाकी कशाची नाही."

निहारच्या ड्राइव्हवेमध्ये गाडी लावून तिने होल्स्टर उतरवला आणि सीटखालच्या लोखंडी पेटीत बंद केला. काकूंनी दार उघडलं आणि पहिल्यांदा तिच्या काखेकडेच बघितलं.

"आणलंयस का ते?"

"नाही काकू. गाडीत आहे, कुलपात."

"मग ये. अगं, पूजेच्या दिवशी! माझा जीव घशाशी आला. तुझ्या घरी कोणी मोठं नाही का सांगायला?"

यामिनीने ऐकून घेतलं. नमस्काराला वाकली, आणि काकूंनी, बोलणं चालूच ठेवून, तिच्या डोक्यावर हात ठेवला. निहार वर काम करत होता, आवाज ऐकून खाली आला. पाणी दिलं, समोर बसला. तोही वाईट मुलगा नाही. त्याने बोलायचं आधीच ठरवून ठेवलं होतं.

"ताई, आम्हाला कळतं, तुमच्याबरोबर वाईट झालं. बाहेरच्या लोकांना घर दाखवताना ठेवा ना तुम्ही. पण आपल्या लोकांबरोबर असताना कशाला? माझे दोन कलीग घर बघताहेत. मी आजही तुमचं नाव देईन. फक्त त्यांच्यासोबत नको. आपल्यात थोडा ट्रस्ट पाहिजे ना?"

यामिनीने ग्लास खाली ठेवला. मला माहीत होतं ती काय बोलणार. फेब्रुवारीत मला हे तिने सांगितलं होतं आणि कुणाला सांगायचं नाही म्हणाली होती.

"निहार, तो मराठीत बोलत होता," ती म्हणाली. "मला ताई म्हणाला. आपल्याच ग्रुपवरून नंबर मिळाला म्हणाला. आईला देवघरासाठी कोपरा हवाय, म्हणून मी त्याला मागची खोली दाखवायला नेलं. दार त्याने तेव्हा लावलं."

निहार खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "कोण? नाव काय?"

"खोटं होतं."

"मग आपल्यातलाच होता, हे कशावरून? कोणी मराठी शिकूनसुद्धा..."

"निहार!" मी ओरडले. "ऐकतोयस का स्वतःला?"

"मी फक्त विचारतोय, मीनाक्षीताई. हे असं ग्रुपवर गेलं तर आपल्याच लोकांचं नाव..."

"गप बस रे," काकू म्हणाल्या. त्या उठून यामिनीच्या शेजारी येऊन बसल्या आणि तिच्या कुर्तीचा गळा बोटाने बाजूला केला. वळ बघितले. "हे त्या पट्ट्यांनीच झालंय? दुखतं का?"

"दुखतं."

फेब्रुवारीपासून हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीसुद्धा फक्त पट्टे ओढले होते.

"काय करायचं मग?" काकूंनी विचारलं. कुणाला, ते कळलं नाही. टेक्सासच्या उन्हात बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं मशीन चालू होतं.

यामिनी उठली. "निहार, माझं नाव द्यायचं तर दे. कलीगना आधीच सांग, मी अशीच येते. मराठी असोत की कोणी असोत. घरी बोलावलं तर गाडीत ठेवून येईन. रिकाम्या घरात जाताना नाही ठेवणार. आणि नसेल चालत तर नको देऊस नाव. मी रागावणार नाही." मग पर्स उचलत म्हणाली, "रागावेन. पण तुला सांगणार नाही."

निहारने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते त्याचं त्यालाच माहीत. त्या कलीगांचे फोन अजून आलेले नाहीत.

ड्राइव्हवेमध्ये येऊन तिने पेटी उघडली. ती एरवी गाडीत बसून, काचा वर करून, ब्लेझरच्या आड होल्स्टर चढवते. त्या दिवशी गाडीबाहेर उभी राहिली. भर उन्हात, कुर्तीवरून, समोरच्या घरातला माणूस गवत कापायचं थांबवून बघत असताना. एक हात घातला, दुसरा घातला. खालचा एक पट्टा बेल्टला अडकवला. दुसरा मागच्या बाजूला होता, तिथे तिचं मनगट वळेना, मोडलेलं तेच.

"ताई, एवढा लावा."

मला पिस्तूल आवडत नाही. मी पट्टा लावला. तो नीट बसला नव्हता, मानेकडे चढत होता, म्हणून फुली खाली ओढून खांद्यांच्या मध्ये आणली. परत चढली. परत ओढली.

"राहू द्या," यामिनी म्हणाली, ब्लेझर घालत. "दोनला पोचायचंय."