मास्टरांचा खारा संसार

नुसत्या पाण्याकडे टक लावून बसण्यात आमच्या शेजारच्या मास्टरांचा हात धरील असा माणूस साऱ्या सुरतेत सापडायचा नाही. दीड महिना हा गृहस्थ रोज सकाळ-संध्याकाळ एका काचेच्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसत होता, आणि त्या टाकीत मासा नव्हता. होतं काय, तर खारं पाणी, चार ओबडधोबड दगड आणि एक पंप. गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीत बातमी पसरली की मास्टरांनी समुद्रातले मासे पाळलेत. लोक हौसेनं बघायला आले, टाकीला नाकं लावून गेले आणि मास्टरांचं डोकं फिरलं असं एकमताने ठरवून परतले. मास्टर मात्र प्रत्येकाला आपल्या अहिराणीत ओरडून सांगायचे, "पानी पिकी राह्यनं! घाई नको करा!"

ओरडून म्हणजे भांडून नव्हे. त्यांचं सगळं आयुष्य कारखान्यात मास्टर म्हणून, कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेलेलं. नुसत्या आवाजावरून कुठला लूम बिघडलाय हे ओळखणारा हा माणूस निवृत्त होऊन घरी बसला, त्याच वर्षी त्यांची बायको, आमच्या मावशी, गेल्या, आणि घरात ऐकायला काही उरलं नाही. माशांच्या दुकानदाराने टाकीसाठी दिलेला महागडा पंप त्यांनी तिसऱ्या दिवशी परत नेला, का, तर तो आवाज करत नाही म्हणून. त्याच्या बदली त्यांनी एक जुनाट, खडखडणारा पंप आणला आणि तो सुरू झाल्यावर पहिल्यांदा त्यांना दुपारी डुलकी लागलेली मी पाहिली. मधली भिंत पातळ असल्याने माझी झोप मात्र त्या दिवसापासून उडाली. मी मूळचा परभणीचा, साड्यांवरच्या नक्ष्या काढायला सुरतेत आलेला. मास्टर मला माझ्या नावाने कधीच हाक मारत नाहीत. मी त्यांच्यासाठी नुसता 'परभणी'.

टाकीचं खूळ निघालं ते नातवापायी. मुलगा कॅनडात. रविवारी व्हिडिओवर नातू यायचा, आजोबांचा चेहरा दोन सेकंद बघायचा आणि पळून जायचा. माझ्या चेहऱ्यात तरी बघण्यासारखं काय आहे, असं मास्टर मला एकदा म्हणाले. तेव्हा त्याला दाखवायला घरात काहीतरी जिवंत हवं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. दुकानदार म्हणाला गोड्या पाण्यातले मासे न्या, सोपे असतात. पण सोपी गोष्ट करणं मास्टरांच्या स्वभावात नाही. ते आधी डुमसच्या किनाऱ्यावर जाऊन दोन कॅन समुद्राचं पाणी घेऊन आले. त्यातला गाळ चार दिवस बसेना. मग दुकानदाराने त्यांना माशांसाठीचं खास मीठ दिलं, ते शुद्ध पाण्यात कालवायला शिकवलं, खारेपणा मोजायचं यंत्र दिलं आणि बजावलं, "काका, हमणां माछली ना नखाय, राह जुओ." घाण पचवणारे सूक्ष्म जीव दगडांवर वाढेपर्यंत मासा सोडायचा नाही. मास्टर यंत्र बघायचे आणि वर एक थेंब जिभेवरही ठेवायचे. "यंत्र सांगस ते ठीक, पन जीभले बी इचारनं पडस." मलाही चाखायला लावायचे. मला घाईची कामं असतात असं मी दरवेळी सांगायचो आणि दरवेळी तासभर तिथेच बसायचो.

शेवटी मासा आला. बोटाएवढा, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. त्या रविवारी नातू चांगली चार मिनिटं पडद्यासमोर थांबला. मास्टर आठवडाभर ती चार मिनिटं सांगत हिंडले.

आणि मग श्रावणात कानबाई आली. खानदेशी माणूस सुरतेत कितीही वर्षं राहो, कानबाईला तो खानदेशीच असतो. या सणाला घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे आणि त्याचे जाडजूड रोट करायचे. ते खायचे फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी, तेही पौर्णिमेपर्यंत. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. मास्टर गहू मोजताना मी होतो. स्वतःची मूठ, मुलाची, नातवाची, आणि चौथी माशाची. "तो बी घरनाच शे ना!" पण सुपात ढीग पाच पडले. मास्टरांना आता चारपर्यंतही नीट मोजता येत नाही म्हणून मी मनातल्या मनात हसलो.

माशाच्या वाट्याचा रोट त्यांनी भक्तिभावाने कुस्करून टाकीत सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं आणि मासा पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत होता. मास्टर ओरडलेसुद्धा नाहीत. नुसते माझ्या दारात येऊन उभे राहिले. मी दुकानदाराला फोन लावला. रोज निम्मं पाणी बदला, वाचला तर वाचेल, असं तो म्हणाला. मी तीन दिवस रजा टाकली. बादल्या भरायच्या, मीठ कालवायचं, खारेपणा मोजायचा, जुनं पाणी उपसायचं. मास्टर एकाच गोष्टीचा जप करत होते, आता रविवारी पोराला काय दाखवू. चौथ्या दिवशी पाणी निवळलं आणि मासा दगडामागून बाहेर येऊन काचेपाशी उभा राहिला. मला इतका आनंद माझ्या नोकरीच्या पत्राचाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. मास्टरांनी ताट माझ्यापुढे सरकवलं. त्यात शेवटचा रोट होता.

"मास्टर, मी तुमच्या भाऊबंदांतला नाही," मी म्हणालो. "घरी विचारून सांगतो."

हे माझं नेहमीचं वाक्य. कोणी जेवायला बोलावलं, मुलगी सुचवली, सहलीला चल म्हटलं, की मी हेच सांगतो आणि लोक पुढे विचारत नाहीत. आईवडील गेल्यापासून ते मला फार उपयोगी पडलं आहे.

मास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले. "कोनले इचारशी रे?"

मी ताटातल्या रोटाकडे बघू लागलो.

"पाचवी मूठ तुन्हा नावनी व्हती," ते म्हणाले. "खाई ले."

रोट वाळून कडक झाला होता. तो दुधात बुडवून मला खावा लागला. मास्टर टाकीकडे बघत बसले होते, मासा आमच्याकडे. पंप खडखडत होता म्हणून बरं, दोघांनाही त्यापुढे काही बोलावं लागलं नाही.