गेल्या हिवाळ्यात

आपण खोटं बोललो नाही, असं ड्वेन स्वतःला रोज बजावत असे. मरितेसने विचारलं होतं, तुझी बायको कधी गेली? त्याने सांगितलं होतं, गेल्या हिवाळ्यात. यात खोटं काय? नेब्रास्कात हिवाळा नोव्हेंबरात ठाण मांडतो तो एप्रिलपर्यंत हलत नाही. त्याचं डोकं एका वर्षात आणि शेपूट दुसऱ्यात. शेरिल गेली ती शेपटाकडे, फेब्रुवारीत. मरितेस आली होती फिलिपिन्समधल्या इलोइलोहून, जिथे हिवाळा फक्त नाताळच्या कार्डावर भेटतो. तिच्या लेखी हिवाळा म्हणजे डिसेंबर.

हे बोलणं झालं ऑक्टोबरात, वृद्धाश्रमाच्या कॉफीच्या मशीनपाशी. मरितेस तिथे नर्स म्हणून नुकतीच रुजू झाली होती. ड्वेन धान्याच्या कोठारावरचं काम आटपून रोज संध्याकाळी आईला भरवायला यायचा. आईला तो कोण हेही आठवत नव्हतं, पण चमचा पुढे केला की ती तोंड उघडायची. मरितेस येता-जाता थांबू लागली, मग बसू लागली, आणि अठ्ठावन्न वर्षांचा ड्वेन घरून निघताना केस विंचरू लागला.

"म्हणजे डिसेंबरात वर्ष भरेल," ती तेव्हा म्हणाली होती. "आमच्यात वर्ष झाल्याशिवाय शोक उतरत नाही. त्याच्या आत लग्न करायचं म्हणजे गेलेल्या बाईच्या हातचं ताट ओढून घ्यायचं."

"हो. जवळजवळ," ड्वेन म्हणाला.

पाप होतं ते या जवळजवळमध्ये. तिने तारीख विचारली नाही; दुःखाची तारीख कुणाला आठवायला लावू नये, एवढी ती सभ्य. उलट, लग्नाचं ठरलं तेव्हा म्हणाली, "डिसेंबर अगदी संपता संपता करू, म्हणजे चुकायला नको." नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, तिला शेरिलच्या थडग्यावर मेणबत्ती लावायची होती. ड्वेनने रस्त्यावर चिखल झाल्याचं कारण सांगितलं. चिखल होता, पण मोटार अडेल एवढा नव्हता. थडग्याच्या दगडावर तारीख होती.

तीस डिसेंबरला कोर्टात लग्न झालं. गावकरी भांडी भरभरून खाणं घेऊन आले, थंडीबद्दल भरपूर बोलले आणि गेले. त्या गावची माणसं बर्फावर तासभर बोलतील, पण मनातलं विचाराल तर टोपी शोधू लागतील. त्यामुळे मरितेसला कुणी काही सांगितलं नाही, आणि ड्वेनला वाटलं, निभावलं.

मग फेब्रुवारी उजाडला आणि टॅक्स भरायची वेळ आली.

अर्ध्या गावाचे रिटर्न बेव्ह भरायची, आपल्या घराच्या काचबंद ओसरीत, हीटर पायाशी घेऊन. तीस वर्षं ती आणि शेरिल एका संघातून बोलिंग खेळल्या होत्या. दुसरीकडे जावं तर गाव म्हणणार, तोंड लपवतोय. बेव्हला आधी फोन करून सांगावं, तारखेचा विषय काढू नकोस, असंही त्याने ठरवलं. दोन-तीनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. हे सांगायचं कुठल्या शब्दांत?

"आत या, थंडी बाहेर ठेवून या," बेव्ह म्हणाली. "ड्वेन, टोपी काढ."

मरितेसने पिना लावलेले कागद पुढे ठेवले. इथल्या पगाराचे, आणि इलोइलोच्या हॉस्पिटलातल्या पगाराचेही.

"बघ, शिक काहीतरी," बेव्ह ड्वेनला म्हणाली. "शेरिल सगळं बुटांच्या खोक्यात कोंबून आणायची." मग मरितेसकडे वळली. "हे बघ, पोरी. वर्षाच्या सुरुवातीला तू तिकडची होतीस, शेवटी इकडची. एकत्र रिटर्न भरायचा तर दोघांनी लिहून द्यायचं, की हिला पूर्ण वर्ष इथलीच रहिवासी धरा. म्हणून तुझा तिकडचा पगारही इथे दाखवायचा. चालेल?"

"चालेल, मॅम बेव्ह."

"ठीक. आता शेरिलचं."

ड्वेनने खुर्ची हीटरकडे सरकवली.

"शेरिलचं काय?" मरितेसने विचारलं.

"तिचा वेगळा भरावा लागणार. शाळेच्या स्वयंपाकघरातला जानेवारीचा पगार आहे ना तिचा. जोडीतलं एक गेलं तर त्या वर्षीचा शेवटचा रिटर्न दोघांचा मिळून भरता येतो. पण मागे राहिलेल्याने त्याच वर्षी पुन्हा लग्न केलं, की ती जागा नव्या बायकोची. मग गेलेलीचा एकटीचा." बेव्हने चष्मा काढला. "दोन दिवस दम धरला असतास, ड्वेन, तर तिचा शेवटचा कागद तुझ्याबरोबर गेला असता."

"त्याच वर्षी?" मरितेस म्हणाली. "नाही, ती तर आदल्या डिसेंबरात गेली."

बेव्हने ड्वेनकडे पाहिलं. ड्वेन हीटरकडे पाहत होता.

"एकोणीस फेब्रुवारीला," बेव्ह हळूच म्हणाली. "हॉस्पिटलात मी होते."

"म्हणजे अजूनही वर्ष झालेलं नाही."

"मी गेल्या हिवाळ्यात म्हटलं होतं," ड्वेन पुटपुटला.

"म्हटलं होतंस. आणि मी डिसेंबर म्हटलं तेव्हा काय म्हणालास?"

"जवळजवळ," तो म्हणाला. तेव्हाही त्याने हेच म्हटलं होतं, फक्त तेव्हा ते इतकं वाईट ऐकू आलं नव्हतं.

मरितेसने पेनाला टोपण लावलं. "मॅम बेव्ह, मी आज सही करणार नाही."

"एप्रिलच्या मध्यापर्यंत वेळ आहे." निघताना बेव्हने आतून एक काचेचं पसरट भांडं आणलं. "हे शेरिलचं. गेल्या खेपेला रिटर्न भरायला आली तेव्हा यातून लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. परत करायचं राहून गेलं." भांड्याच्या तळाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर शेरिलच्या गोल अक्षरात तिचं नाव.

मरितेसने भांडं मांडीवर घेतलं, ते घरी पोचेपर्यंत खाली ठेवलं नाही. घरी आल्यावर तिने शिवणाच्या खोलीत आपली गादी घातली, शोकाचा काळा ब्लाउज बाहेर काढला आणि रोज तोच घालून कामाला जाऊ लागली. ड्वेनचा डबा भरायची, त्याच्या आईला भरवायची, पण त्याच्याशी कामापुरतं बोलायची. ती भांडली असती तर बरं, असं त्याला वाटे. जिवंत बायकोला फसवलं म्हणून वाईट वाटतंय की मेलेलीला, याचाही त्याला उलगडा होईना. रात्री पलंगावर कुठल्याही कुशीवर वळलं तरी तिकडे कुणीतरी रागावलेलं असे.

एकोणीस तारखेला तिने विचारलं, "आज रस्त्यावर चिखल आहे का?"

"नाही," ड्वेन म्हणाला, आणि फावडं गाडीत टाकलं.

त्याने थडग्यापर्यंत बर्फ उपसला. मरितेसने मेणबत्ती लावली, बराच वेळ ओठ हलवले, मग दगडावरची तारीख बोटाने पुसून वाचली. तिथून ती दोघं तडक बेव्हकडे गेली. शेरिलच्या भांड्यात मरितेसने पहाटे उठून नारळाच्या दुधातला तांदळाचा केक भाजला होता. तळाची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. बेव्हने एक तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि कागद काढले.

"आधी तिचा," मरितेस म्हणाली.

शेरिलच्या कागदावर ड्वेननेच सही करायची होती. त्याने केली. मग एकत्र रिटर्न आणि ते पूर्ण वर्षाचं लिहून देणं मरितेसपुढे आलं. तिने पेन उचललं नाही.

"यात फेब्रुवारीही आला," ती ड्वेनला म्हणाली. "मला ठाऊक नसलेल्या फेब्रुवारीवर मी सही कशी करू? काय झालं ते सांग. या वेळी जवळजवळ नको."

ड्वेनने टोपी हातात फिरवली. जे बेव्हलाही ठाऊक नव्हतं, पाद्र्यालाही नाही, ते तो शेवटी बोलला.

"सकाळी ती डोकं धरून बसली होती. म्हणाली, असं कधी दुखलं नव्हतं. बर्फ पडत होता आणि मला उशीर होत होता. मी म्हटलं, कामाला लागलीस की बरं वाटेल." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "शाळेत पोचली आणि तासाभरात कोसळली. डोक्यातली शीर फुटली होती. त्यानंतर त्या घरात एकट्याने बसवेना. तू डिसेंबर म्हणालीस, मी धरू दिला."

बेव्ह तोंडावर हात ठेवून खिडकीकडे वळली.

मरितेसने टोपण काढलं. "पूर्ण वर्ष इथलीच म्हणजे जानेवारीपासून ना?" तिने बेव्हला विचारलं.

"एक जानेवारीपासून."

तिने दोन्ही कागदांवर सह्या केल्या, सावकाश, पूर्ण नावाने. मग पेन ड्वेनच्या हातात दिलं.

"म्हणजे त्या सकाळी मीही घरात होते," ती म्हणाली. "मी तिला दवाखान्यात नेलं असतं."