नाव चढल्याशिवाय नाश्ता नाही

सुमन गेली तेव्हा मी खाली माझ्या घरात मेथी निवडत बसले होते. तिची मुलगी मनीषा जिन्यातूनच हाक मारत आली. म्हणाली, "मोठी आई, वर चल. आई बोलत नाही." मी वर गेले. सुमन पलंगावर कुशीवर पडलेली होती आणि उशाशी पोह्यांची रिकामी बशी होती. नाकाशी हात धरला, कळायचं ते कळलं. रडायला गल्लीतल्या बायका येणारच होत्या, त्यासाठी माझ्यावाचून अडणार नव्हतं. मी मागे वळून आधी कॉम्प्युटर पाहिला. पडद्यावर नावांची यादी होती आणि सगळ्यांत वर अशोकची तीन इंग्रजी अक्षरं होती. म्हणजे नाव चढवलं, पोहे खाल्ले आणि मग गेली. उपाशी गेली नाही, एवढं एक बरं वाटलं.

आता हे वाचून कुणाला काही कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

सुमन माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी धुळ्याकडच्या. लग्न करून सुरतेला आलो तेव्हा दोघींचे नवरे लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात कामाला होते आणि आम्ही घरी सुताच्या कांड्या भरायचो. अशोक माझा दीर. त्याला रातपाळी सोसेना, म्हणून त्याने गोडादऱ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. कपाटाएवढ्या लाकडी मशिनी, त्यात टीव्ही बसवलेला, खाली लाल गोट्याचा दांडा आणि बटणं. भिंतीपलीकडे खातं होतं. तिथल्या लूमची खटखट दिवसभर इतकी, की गेमला आवाज असतो हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. त्यातली एक मशीन विमानाची. खाली आपलं छोटं विमान, वरून समुद्र सरकत येतो, त्यात बेटं, जहाजं, आणि गोळ्यांचा नुसता मारा. विमान मेलं आणि मार्क चांगले असले तर मशीन नाव विचारायची. तीन अक्षरं टाकायची. ती यादीत चढायची.

पण त्या मशीनला आठवण नव्हती. रात्री बटण बंद केलं की सगळी नावं पुसली जायची. सकाळी उघडावं तर कारखान्यातून आलेली तिची स्वतःचीच नावं. म्हणून अशोकचा रिवाज ठरलेला. सकाळी झाडू मारायचा, उदबत्ती लावायची, आणि पहिला गेम स्वतः खेळून आपलं नाव सगळ्यांत वर चढवायचं. तोपर्यंत चहासुद्धा घ्यायचा नाही. ही त्याची भवानी. मी एकदा म्हटलं, हे काय पोरखेळ करतोस. तर म्हणाला, "वहिनी, रिकाम्या यादीवर कुणी खेळत नाही. वर कुणीतरी बसलेलं दिसलं म्हणजे त्याला खाली ओढायला हात शिवशिवतात." धंद्याचं बोलणं होतं. मला पटलं नाही, पण दुकान चालायचं हे खरं.

मग त्याला कावीळ झाली. दुकान बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून सुमन गल्ल्यावर बसली. बाईमाणसाने दांड्याला हात लावायची तेव्हा पद्धत नव्हती. पहिल्याच दिवशी यादीत अशोकचं नाव नाही हे पोरांनी पाहिलं आणि लागले बोलायला. काकी, राजा आजारी पडला तर गादी आमची. काकी, आता तुम्हीच उडवा विमान. सुमन हसली नाही की चिडली नाही. दुपारी पोरं जेवायला गेली की अर्धं शटर ओढून ती मशीनपुढे उभी राहायची. मी एकदा वाकून बघितलं. पदर खोचलेला, ओठ दाबलेले, आणि विमान पहिल्याच बेटावर फुटत होतं. मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. ती म्हणाली, "बाई, आज दुसऱ्या जहाजापर्यंत गेले." आणि परत पहिल्यापासून सुरू.

अशोक उठून हिंडायला लागला, दुकानात आला. पिवळे डोळे, अंगात शर्ट लोंबतोय. यादीत सगळ्यांत वर त्याचंच नाव. त्याने विचारलं, हे कुणी चढवलं. सुमन टोकन मोजत होती, मान वर न करता म्हणाली, "तुम्हीच." तो बाकावर टेकला. तेव्हापासून भवानी तिची झाली. नाव मात्र त्याचंच टाकायची. तुझं का नाही टाकत, असं मी विचारलं होतं. म्हणे, दुकानावर पाटी त्यांची आहे ना.

पुढे घरोघरी टीव्हीला जोडायचे गेम आले, मग मोबाइल आले, दुकान बसलं. मशिनी भंगारात गेल्या. विमानवाल्या मशीनची एक रंगवलेली फळी सुमनने ठेवून घेतली आणि पाणियाऱ्याखाली, पाण्याचे हंडे ठेवतो त्या ओट्याखाली लावली. हंड्याखाली अजून एका पंखाचा तुकडा दिसतो. अशोक पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये लागला आणि काही वर्षांनी छातीत कळ येऊन गेला. खातीही एकेक करून गावाबाहेर गेली. आमची भिंत मुकी झाली. सुमन साड्यांना लेस लावायची, टिकल्या चिकटवायची. दुकानाचं नाव तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

मनीषा आता कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. एके दिवशी तिने आम्हा दोघींना खुर्च्यांवर बसवलं, कॉम्प्युटरला तसाच एक दांडा जोडला आणि पडद्यावर तेच विमान आणून उभं केलं. तोच समुद्र, तीच बेटं, कारखान्याची तीच नावं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. त्या मशीनचं लाकूड जळालं, काच फुटली, पत्रा वितळून कुठे गेला देव जाणे... आणि हे इथे जिवंत. मनीषा म्हणाली, याला एम्युलेटर म्हणतात. मशीनच्या चिपमध्ये जे होतं ते कुणीतरी फाइलीत उतरवून ठेवलेलं असतं, आणि कॉम्प्युटर त्या मशीनसारखा वागतो. मी म्हटलं, म्हणजे सोंग. ती म्हणाली, हो, सोंगच. मग मला समजलं. आमच्या गावाकडे यात्रेत देवाचा मुखवटा घालून माणूस नाचतो. कालच आपल्याशी बांधावरून भांडलेला शेजारी असतो, पण मुखवटा चढला की आपण हात जोडतो.

सुमनने मात्र कपाळाला आठी घातली. कॉम्प्युटरमधून गाणं वाजत होतं, गोळ्यांचे आवाज येत होते. ती म्हणाली, "हे आपलं नाही. आपलं गात नव्हतं." मनीषाने परोपरीने सांगितलं की आवाज पहिल्यापासून होताच, लूममुळे ऐकू यायचा नाही. सुमनला पटेना. शेवटी आवाज बंद केला. तर एवढ्या शांततेत तिचा हात चालेना. मग मला म्हणते, "बाई, तुम्ही मिक्सर लावा." मी रोज सकाळी वर जाऊन मिक्सर लावायची आणि ही खेळायची. त्या वर्षी आमच्या दोन्ही घरांत शेंगदाण्याची चटणी कधी कमी पडली नाही. पुढे मनीषाने लूमची खटखट मोबाइलवर मिळवून आणली तेव्हा माझी सुटका झाली.

सोंगालाही आठवण नव्हती. बंद केलं की यादी कोरी, पुन्हा कारखान्याचीच नावं. मनीषा म्हणाली, आई, नावं कायमची राहतील असं करता येतं. सुमनने तिला हात लावू दिला नाही. "सकाळी यादी रिकामी पाहिजे," म्हणाली. "नाही तर मी उठू कशाला?" आणि अशोकचा जुना रिवाज तिने आणखी कडक केला. त्याचा चहा अडायचा, हिचा नाश्ता. नाव चढल्याशिवाय नाश्ता नाही.

तिला खेळताना मी पुष्कळ बघितलं. मला खेळातलं काही कळत नाही, पण हात मला कळतात. जन्मभर हातांकडेच बघत आले. गोळ्या अशा यायच्या की पडद्यावर जागा म्हणून उरायची नाही, आणि हिचं विमान त्यातून निघून जायचं. घाई नाही, झटका नाही. डोळे विमानावर नसायचेच. चांगला कारागीर लूमवरच्या ताण्याकडे, उभ्या तारांकडे बघतो तसे, कुठल्याच एका तारेवर नाही आणि सगळ्या तारांवर. तुटलेली तार त्याला आपसूक दिसते. तशी हिला मोकळी वाट दिसायची. देवळात मी कधी फार हरखले नाही. त्या खोलीत मात्र मी तोंडात बोट घालून बसायची, हातातला लसूण सोलायचा तसाच राहायचा. एकदा ती पार शेवटच्या बेटापुढे गेली. मी विचारलं, आता काय येतं? म्हणाली, "काही नाही. परत पहिलं बेट." आणि तशीच पुढे उडत राहिली.

मग हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले कंपवात. गोळ्या सुरू झाल्या, पण दांड्यावरचा उजवा हात ऐकेना. विमान एकाच जागी थडथडायचं आणि फुटायचं. नाव चढायला कधी दहा वाजायचे, कधी बारा. ती खेळत राहायची, पोळी गार व्हायची. मनीषा रडकुंडीला आली. म्हणाली, आई, यात मधेच गेम साठवून ठेवता येतो, विमान मेलं की तिथूनच पुढे खेळता येतं. वेग कमी करता येतो. सगळं करता येतं. सुमन ऐकून घ्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. एक दिवस माझा संयम सुटला. दुपार झाली होती आणि तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. आम्ही घरात अहिराणीच बोलतो. मी ओरडले, "कोण देखी राहिनं तुले?" कोण बघतंय तुला?

ती म्हणाली, "मी देखी राहिनू ना, बाई."

मी तिला तशीच सोडून खाली आले.

त्यानंतर काही दिवसांनी तिने मला वर बोलावलं. समोर जाड कापडाची पट्टी आणि लोखंडाचे तुकडे. म्हणाली, "लूमचा ताणा थरथरायला लागला की कारागीर काय करतो?" मी म्हटलं, बीमला, ताणा गुंडाळलेल्या रुळाला, मागून वजन वाढवतो. "मग मला वजन लावा." तिला सुई धरवत नव्हती, म्हणून पट्टी मी शिवली. आत कप्पे केले, त्यात तुकडे भरले, मनगटाला बांधायला नाडी लावली. मनात म्हटलं, आधीच हात दुखतोय त्यात हे ओझं, म्हातारपणी माणूस हट्टी होतो तो असा.

दुसऱ्या दिवशी तिने पट्टी बांधली. वजनाने हात खाली बसला. थरथर गेली नाही, पण दबली, जड झाली. लूमची खटखट लागली आणि विमान निघालं. पहिल्यासारखं सरळ नाही, जरा लचकत, भरलेली हातगाडी ओढावी तसं. पण गोळ्यांतून जात राहिलं, जात राहिलं. मनीषा क्लासला निघाली होती ती दारात चप्पल घालून उभीच राहिली. नाव चढलं तेव्हा सूर्य अजून समोरच्या गच्चीवर यायचा होता. मी पोहे आणले. सुमनने पट्टीच्याच हाताने खाल्ले, एक दाणा सांडू दिला नाही. तिथून पुढे, ती गेली त्या दिवसापर्यंत, तिचा नाश्ता वेळेवर होत होता.

ती गेल्यावर मनीषाने कॉम्प्युटर बंद केला नाही. दशक्रिया झाली, गंधमुक्ती झाली, पाहुणे आले आणि गेले. कुणीतरी पडद्यावर टॉवेल टाकला, मनीषाने तो काढला. यादी तशीच, सगळ्यांत वर अशोकची अक्षरं, सुमनने शेवटची चढवलेली. वीज गेली तर म्हणून तिने मोठी बॅटरी जोडून ठेवली. म्हटलं, लेक आहे, तिचं दुःख तिच्या पद्धतीने.

गेल्या आठवड्यात लाइन दुरुस्तीला वीज गेली ती येईना. मनीषाचा क्लासमधून फोन. "मोठी आई, वर जाऊन बघ ना, बॅटरी चालते का." मी गेले. बॅटरी टुक टुक वाजत होती. मी खुर्चीत बसले. समोर यादी, शेजारी पट्टी. ती पट्टी बघता बघता मला वाटलं, ही बाई रोज रात्री ते नाव आपल्या हाताने पुसायची. रोज. थरथरत्या हाताने सुद्धा. आणि आम्ही त्याला बॅटरी लावून बसलोय. मी बटण दाबलं. पडदा काळा झाला.

मनीषाला संध्याकाळी खरं ते सांगितलं. "वीज आली नाही म्हणून नाही, मी बंद केलं." ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

सकाळी मी वर गेले. मनीषाने दार उघडलं आणि पाठ फिरवली. मी कॉम्प्युटर लावला, मोबाइलवर खटखट लावली. यादी कोरी. मनगटाला पट्टी बांधली. माझा हात थरथरत नाही, पण पट्टीशिवाय तिथे बसायचं कसं ते मला माहीत नव्हतं. विमान निघालं आणि पहिल्याच बेटावर फुटलं. परत निघालं, परत फुटलं. मागून मनीषाचा आवाज आला, "मोठी आई, विमानाकडे नको बघू." मग थोड्या वेळाने, "डावीकडे. अगं, डावीकडे." मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, ती शेजारी येऊन बसली.

तेव्हापासून रोज जाते. काल दुसऱ्या जहाजापर्यंत गेले. नाव काही अजून चढलेलं नाही. पण मी सुमन नाही, नाश्ता करूनच वर जाते.